आजीच्या वहीतलं १२ माणसांचं बिरडं यंदा ४५ जणांसाठी: मापं कशी वाढवायची?

खळ्यातली_रांगोळी (गुहागर)
१४ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. एरवी बारा-पंधरा पानं होतात, पण यंदा दोन्ही काकांची मुंबईची मंडळी, आत्याकडचे, शेजारघरचे मिळून तिसऱ्या दिवशी ४५ पानं मांडायची आहेत. डाळिंब्यांचं (मोड आणून सोललेल्या वालांचं) बिरडं आजीच्याच पद्धतीने व्हावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. आजी आता नाही, तिची वही माझ्याकडे आहे.

वहीत १२ माणसांचं माप आहे. कडवे वाल ३ वाट्या (कोरडे), दीड नारळ, गूळ पाव वाटी, आमसुलं ६, तिखट २ चमचे, तेल ३ मोठे चमचे, पाणी ४ वाट्या, मीठ चवीपुरतं.

तीन वर्षांपूर्वी शिमग्याला पंचवीस माणसं होती तेव्हा मी सगळंच्या सगळं दुप्पट केलं होतं. वाल, नारळ बरोबर बसले. पाणी मात्र एवढं राहिलं की ते आटेपर्यंत डाळिंब्या मोडून पिठलं झालं, आणि तिखट इतकं लागलं की मुलांनी ताटातलं बाजूला सारलं. दोन रात्री बसून वाल सोललेल्या माणसाला ते बघणं फार जड जातं. यंदा ते व्हायला नको. दुप्पट केलेलं सगळं दुप्पट का होत नाही, हे मला नीट समजून घ्यायचं आहे.

पडवीतला_झोपाळा
१४ ऑगस्ट, रात्री ९:४२

४५ भागिले १२ म्हणजे ३.७५. प्रत्येक आकड्याला ३.७५ ने गुणा. वाल ११.२५ वाट्या, नारळ ५.६२५. पण ५.६२५ नारळ कसे फोडायचे ते मला सांगता येणार नाही :)

मालगुंडचे_मास्तर
१४ ऑगस्ट, रात्री १०:३०

रांगोळीताई, दशांश चिन्ह स्वयंपाकघरात आणूच नका. ३.७५ ला आपल्याकडे नाव आहे, पावणेचार. आणि करायचं कसं हे त्या नावातच सांगितलेलं आहे: पाव उणे चार. कुठलंही माप चौपट करा आणि त्यातून मूळ मापाचा पाव हिस्सा काढून घ्या.

वाल ३ वाट्या. चौपट १२, त्यातून तिनाचा पाव म्हणजे पाऊण काढली, राहिल्या सव्वाअकरा. आमसुलं ६. चौपट २४, त्यातून दीड वजा, साडेबावीस. २२ घ्या नाहीतर २३, आमसूल लहानमोठं असतंच. नारळ दीड. चौपट सहा, त्यातून दीडाचा पाव जाईल, म्हणजे साडेपाचाच्या किंचित वर. सहा नारळ फोडा, शेवटच्या नारळाची एक कवड बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी कामाला येईल. गूळ पाव वाटी. चौपट केला की एक वाटी, त्यातून वाटीचा सोळावा हिस्सा कमी. रुपयाचे सोळा आणे होते त्या काळातली माझी आई याला ‘पंधरा आणे वाटी’ म्हणाली असती. वाटी काठापर्यंत भरू नका, जरा खाली ठेवा, झालं.

आम्ही शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे म्हणत असू. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. १९५७ साली नवे पैसे आले, १९५८ पासून किलो-ग्रॅम येऊ लागले, आणि हळूहळू हे पाढे शाळेतून गेले. बाजारात दशमानाने सोय झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ताट-वाटी-डाव यांचं जग अजून पाव-अर्धा-पाऊणचंच आहे. वाटीवर ०.६२५ ची खूण कुणी करत नाही, पण अर्ध्याच्या वर आणि पाऊणच्या खाली हे डोळ्याला बरोबर दिसतं.

ज्यांना एकच रीत सगळीकडे वापरायची आहे त्यांच्यासाठी त्रैराशिक आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत यासाठी तीन शब्द आहेत: प्रमाण, फल, इच्छा. तिथलं एक उदाहरण केशराचं आहे (निष्क हे जुनं नाणं, पल हे जुनं वजन). ३/७ निष्कांना अडीच पल केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती? फल आणि इच्छा यांचा गुणाकार करायचा आणि प्रमाणाने भागायचं. उत्तर साडेबावन्न पल. तुमच्या बिरड्यात १२ माणसं हे प्रमाण, ३ वाट्या वाल हे फल, ४५ माणसं ही इच्छा. ४५ गुणिले ३ भागिले १२, सव्वाअकरा. रीत तीच, केशराच्या जागी वाल.

तिरफळ (मालवण)
१५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मास्तरांचा गणित बरोबर आसा. पण टोप चुलीर चढलो की गणिताचे दोन भाग होतत. सगळ्यांना नीट कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहिते.

मी वीस-बावीस वर्षं देवळातल्या आणि लग्नातल्या जेवणांना टोप सांभाळते. माझा अनुभव असा की सामान तीन जातींचं असतं.

पोटात जाणारं सामान, म्हणजे वाल, नारळ, गूळ, बटाटा, डाळ, तांदूळ. हे माणसांच्या हिशोबात सरळ वाढतं. इथे मास्तरांचं पावणेचार डोळे मिटून लावा.

दुसरं, भांड्याला लागणारं, म्हणजे फोडणीचं तेल आणि आटणारं पाणी. हे माणसांवर वाढत नाही, टोपाच्या तळावर आणि तोंडावर वाढतं. तेल हिशोबाने सव्वाअकरा मोठे चमचे येईल. सात-आठ चमच्यांत तळ भरतो आणि फोडणी छान होते. सव्वाअकरा घातलंत तर वर तवंग येईल.

तिसरं, जिभेला लागणारं, म्हणजे तिखट, मीठ, हिंग, गरम मसाला, तिरफळ. हे हिशोबाच्या दोन-तृतीयांशावर थांबवायचं. तुमचं तिखट साडेसात चमचे येतं, पाच घाला. मग उकळी येऊ द्या, नारळ-गूळ पडू द्या, आणि तेव्हा चव बघून वाढवा. घातलेलं काढता येत नाही. आणखी एक, चव बघायची ती गरम रसाची नाही. चमचाभर वाटीत काढून थोडं निवू द्या आणि मग बघा. वाफाळत्या रसात मीठ कमी लागतं, लोक इथेच फसतात.

पाणी पंधरा वाट्या येतं. बाराने सुरुवात करा, शेजारच्या चुलीवर उकळतं पाणी ठेवा आणि लागेल तसं घाला. थंड पाणी ओतू नका, डाळिंबी अर्धवट शिजून दडस राहते.

खळ्यातली_रांगोळी
१५ ऑगस्ट, दुपारी १:१५

तिरफळताई, मनापासून आभार. शिमग्याला नेमकं काय झालं ते आता कळलं. पण पाणी कमी का आटतं? चूल तर मोठी पेटवलेली असते ना?

मालगुंडचे_मास्तर
१५ ऑगस्ट, दुपारी ३:०५

दोन टोप डोळ्यांसमोर आणा. दुसरा पहिल्यापेक्षा दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच. त्यात किती मावेल? दुप्पट नाही, आठपट. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही बाजूंनी दुप्पट झाला ना. पण तोंड फक्त दोन बाजूंनी वाढलं, म्हणून ते चौपटच. आत आठपट रस आणि वाफ जायला चौपट जागा. दर वाटी रसामागे बाहेर जाणारी वाफ अर्ध्यावर आली. तळाचंही तसंच, म्हणून ताईंनी सांगितलेलं तेल कमी लागतं. आणि विस्तव कितीही मोठा केला तरी उष्णता तळातूनच आत जाते. जास्त जाळ केला की खाली लागतं, वर पाणी तसंच.

पावणेचारपट रसासाठी त्याच घडणीचा मोठा टोप घेतलात तर तोंड साधारण अडीचपटीच्या जरासं खालीच राहतं. म्हणजे आटणारं पाणी अडीचपटीच्या हिशोबाने धरा, पावणेचारच्या नाही. पसरट कढई घेतलीत तर हा हिशोब बदलेल. म्हणून वहीत मापाशेजारी भांडंही लिहून ठेवावं असं मला वाटतं. आपल्या आज्यांनी ते लिहिलं नाही, कारण घरात टोप एकच होता.

चुलीजवळ (वेंगुर्ले)
१५ ऑगस्ट, रात्री ८:२०

तुम्ही सगळे वाढवताय, मला कमी करायचं आहे. मुलं बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. बारा माणसांचं केलं तर चार दिवस तेच खावं लागतं, आणि न करावं तर गणपतीत बिरडं नाही याची रुखरुख लागते. दोघांसाठी कसं मोजायचं?

मालगुंडचे_मास्तर
१५ ऑगस्ट, रात्री ८:५५

ताई, बाराचे दोन म्हणजे सहावा हिस्सा, आणि या वहीतलं माप त्याला छान भाग जाणारं आहे. वाल ३ वाट्यांचे अर्धी वाटी. दीड नारळाचा पाव नारळ. आमसूल एक. तिखट चमच्याचा तिसरा हिस्सा. गूळ पाव वाटीचा सहावा हिस्सा हे मात्र वाटीत दिसत नाही. तुमची वाटी किती मोठ्या चमच्यांची आहे ते पाण्याने मोजून सांगाल का?

चुलीजवळ (वेंगुर्ले)
१५ ऑगस्ट, रात्री ९:१२

मोजली. पोह्याच्या नाही, मापाच्या मोठ्या चमच्याने बारा चमचे बरोबर.

मालगुंडचे_मास्तर
१५ ऑगस्ट, रात्री ९:३०

मापाच्या एका मोठ्या चमच्यात तीन छोटे बसतात, म्हणून तुमची वाटी ३६ छोट्या चमच्यांची. पाव वाटी नऊ, त्याचा सहावा हिस्सा दीड छोटा चमचा गूळ. ज्यांच्याकडे २४० मिलीचा मोजायचा कप आहे त्यांच्या कपात १६ मोठे चमचे बसतात, म्हणजे एक मोठा चमचा एक आणा. हे लक्षात ठेवलं तर पाव कप चार चमचे, पाऊण कप बारा, सगळं तोंडावर येतं. फक्त तिसरा हिस्सा तिथे अडतो. कपाचा तिसरा हिस्सा पाच मोठे चमचे आणि वर एक छोटा.

तिरफळ (मालवण)
१५ ऑगस्ट, रात्री १०:०४

चुलीजवळताई, पाण्याचा सहावा हिस्सा पाऊण वाटीहूनही कमी येईल. तेवढ्यावर राहू नका, एक वाटी घ्या. लहान पातेल्यात पाणी लवकर उडतं, मोठ्या टोपाच्या बरोबर उलटं. तेलही अर्ध्या चमच्याने तळ भिजणार नाही, एक मोठा चमचा लागेलच. हिंगाला हिशोब नको, चिमूट ती चिमूट.

आंबराई_राजापूर
१६ ऑगस्ट, सकाळी ११:३०

मीठ-तिखट दोन-तृतीयांशावर ठेवायचं हे मी नेहमी पाळते. आता कळलं की कारणही आहे. कैरीच्या लोणच्यालाही मी असंच करते, जास्त कैऱ्या असल्या की मीठ हिशोबापेक्षा थोडं कमी.

तिरफळ (मालवण)
१६ ऑगस्ट, दुपारी १२:१०

नाही हो ताई, लोणच्यात असं करू नका. कृपा करून. तिथे मीठ चवीसाठी नाही, टिकण्यासाठी आहे. आमच्याकडे चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ, मग फोडी चार वाट्या असोत की चाळीस. चाळीसला दहा वाट्याच लागतात. दोन-तृतीयांशावर थांबलात तर पावसाळ्याच्या दमटीत बुरशी धरेल. कोकमाच्या आगळालाही हेच. जे आजच संपणार त्यात मीठ जिभेने ठरवायचं, जे वर्षभर ठेवायचं त्यात त्रैराशिकाने.

आंबराई_राजापूर
१६ ऑगस्ट, दुपारी १२:४०

गेल्या वर्षी मोठी बरणी खराब झाली ती यामुळेच असणार. लहान बरणी चांगली राहिली होती. मी पावसाला दोष देत बसले.

नेवरेकर
१६ ऑगस्ट, रात्री ७:५०

थोडा वेगळा प्रश्न. आमच्या घरच्या जुन्या वहीत वड्यांच्या पिठाला ‘पायलीस शेर उडीद’ असं लिहिलंय. पायलीचं किलोत रूपांतर कुठे मिळेल?

मालगुंडचे_मास्तर
१६ ऑगस्ट, रात्री ८:४०

रूपांतर करूच नका, गरज नाही. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ‘पायलीस शेर’ याचा अर्थ चारास एक. चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद. घरात कुठलाही डबा घ्या, चार डबे तांदळाला एक डबा उडीद. प्रमाणाची हीच गंमत आहे की माप नाहीसं झालं तरी प्रमाण टिकतं.

किलोत नेताना दोन अडचणी येतात. पायली हे भरून मोजायचं माप आहे, तोलून नव्हे. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर पोहे एका वजनाचे नसतात. आणि शेर दोन प्रकारचे होते. मापाचा शेर वेगळा, तोलायचा शेर वेगळा. तोलायचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम. एक जिन्नस मापाच्या शेराने आणि दुसरा वजनाच्या शेराने घेतला की वडा फुगत नाही, आणि मग आपण म्हणतो पूर्वीचे उडीद राहिले नाहीत.

तिरफळ (मालवण)
१६ ऑगस्ट, रात्री ९:२५

चारास एक, आमचाय ताच. वर धणे-मेथी. मेथी मात्र चार वाट्यांना चमचाभर असली तर सोळा वाट्यांना तीनच घाला, कडूपणा पुढे येतो.

समईची_वात (दापोली)
१७ ऑगस्ट, दुपारी ४:००

मोदकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ४५ माणसांना तीन-तीन म्हटले तरी १३५ मोदक. वाटीभर पिठीचे माझे दहा-अकरा होतात, म्हणजे तेरा वाट्या पिठी, आणि पिठीइतकंच पाणी. हिशोब सोपा आहे, पण तेरा वाट्यांची उकड एकदम काढू नका. मी एकदा आठ वाट्यांची काढली. तळची शिजली, वरची कोरडी राहिली, आणि मळेपर्यंत निम्मी गार होऊन चिरा पडायला लागल्या. उकड गरम असतानाच हाताखाली यायला हवी, आणि दोन हातांत मावते तेवढीच मळता येते. तीन-तीन वाट्यांची चार वेळा काढा, शेवटी एक वाटीची. काही पदार्थ मोठे करायचे नसतात, तेच पुन्हा पुन्हा करायचे असतात. घावणे, आंबोळ्या, शिरवाळे यातलेच.

आणि पिठी व पाणी एकाच वाटीने मोजा. आमच्याकडे मदतीला आलेल्या पाहुण्यांनी पिठी एका वाटीने आणि पाणी दुसरीने मोजलं होतं. वाट्या दिसायला सारख्या, पण दुसरी जरा खोल. एका घाण्यात कळलं नाही, चार घाण्यांनंतर उकड हाताला चिकटायला लागली.

मालगुंडचे_मास्तर
१७ ऑगस्ट, सायंकाळी ५:१०

फार चांगलं लिहिलंत. इथे व्यस्त त्रैराशिकही कामाला येईल. तीन जणींना १३५ मोदक वळायला तीन तास लागत असतील, तर पाच जणींना जास्त नाही, कमी. तीन गुणिले तीन नऊ, भागिले पाच, पावणेदोन तासांच्या थोडं वर. वाफवायला मात्र माणसं वाढवून उपयोग नाही. मोदकपात्रात एका वेळी वीस बसत असतील तर १३५ ला सात घाणे, प्रत्येकी बारा-पंधरा मिनिटं. सकाळची वेळ ठरवताना वळणाऱ्या हातांकडे नाही, मोदकपात्राकडे बघा.

पडवीतला_झोपाळा
१७ ऑगस्ट, रात्री ९:३५

मला यातून धोंडसाचं कोडं सुटलं. आई तवसाचं धोंडस (मोठ्या काकडीचा, वर-खाली निखारे ठेवून भाजलेला गोड केक) ८ इंची टोपात करते. मी १० इंची टोप आणला आणि दोनच इंच वाढले म्हणून माप सव्वापट केलं. धोंडस पातळ झालं आणि कडा करपल्या. आता कळलं, ८ चा वर्ग ६४, १० चा वर्ग १००. तळ दीडपटीहूनही थोडा जास्त वाढला. पीठ तेवढं हवं होतं. जाडी तीच राहिली की वेळही जवळजवळ तोच राहील, बरोबर ना सर?

मालगुंडचे_मास्तर
१७ ऑगस्ट, रात्री ९:५०

अगदी बरोबर. आणि त्याच टोपात दुप्पट पीठ ओतलंत तर जाडी दुप्पट होईल, मधला भाग कच्चा राहील. तिथे वेळ वाढवून, निखारे कमी करावे लागतात.

खळ्यातली_रांगोळी
३ सप्टेंबर, रात्री १०:२०

गणपती काल पोचवले, आज निवांत बसले आहे. सगळ्यांना सांगायचंच होतं.

वाल सव्वाअकरा वाट्या भिजवले, मोड आणले, सहा जणींनी मिळून सोलले. नारळ सहा फोडले, एक कवड ठेवली. गूळ पंधरा आणे. तेल आठ चमचे. पाणी बारा वाट्यांनी सुरू केलं, नंतर उकळतं दीड वाटी लागलं, म्हणजे साडेतेरा. पंधरा घातलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. तिखट पाच घातलं, निवलेला रस चाखून अर्धा चमचा वाढवला. डाळिंबी न् डाळिंबी अख्खी राहिली. धाकट्या काकांनी पहिला घास घेतला आणि ‘आईचं’ एवढंच म्हणाले.

वहीत आजीच्या शाईशेजारी मी पेन्सिलीने दुसरा रकाना आखला आहे. वर ४५ माणसं, खाली मापं, आणि मास्तर म्हणाले तसं भांडंही: मोठा पितळी टोप, झाकण अर्धं.

एका ठिकाणी चुकलं. सोलकढी. चार जणांना एक नारळ आणि दहा आमसुलं या हिशोबाने ४५ ना सव्वाअकरा नारळ आणि एकशे बारा आमसुलं घेतली. आटणं नाही, फोडणी नाही, म्हणून सरळ त्रैराशिक लावलं आणि ते बरोबरही होतं. पण उकाडा इतका होता की प्रत्येकाने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, आणि शेवटच्या पंगतीला मिळाली नाही. पुढच्या वर्षी सोलकढीत इच्छेच्या जागी ४५ माणसं नाही, ९० वाट्या धरणार आहे.